जगातला ज

चाळीच्या अंगणात बोअरिंगवाल्यांनी चार दिवस भोक पाडलं. खालून निघालेले दगडाचे गोल दांडे त्यांनी लाकडी पेटीत ओळीने झोपवून ठेवले आणि प्रत्येकाच्या शेजारी मीटरचा आकडा लिहिला.

‘अर्ज एकदा सादर केल्यावर बदल करता येणार नाही.’ प्रवेशाच्या वेबसाइटवर हे वाक्य लाल अक्षरांत होतं. म्हणजे ते कुणीच वाचत नाही.

एक बेडूक. अंगठ्याएवढा. वरळीच्या टेकडीखाली साडेसहा कोटी वर्षं दगड होऊन बसलेला.

‘आपल्या विभागातील होतकरू विद्यार्थ्यांसाठी मोफत ऑनलाइन अर्ज भरून मिळतील. संपर्क : उन्मेषदादा.’ मंडळाच्या फ्लेक्सवर शेजारी गॉगल लावलेला उन्मेषदादा.

वहीच्या पानाचा चतकोर. त्यावर निळ्या शाईत, एकही खाडाखोड न करता : मनवा हितेंद्र परब. तिसरं वर्ष. जॉलॉजी.

“हे झूलॉजी आहे,” मनवा म्हणाली.

“झूलॉजीच,” काचेपलीकडून ललिता मॅडम म्हणाल्या. “नशीबवान आहेस. बाहेरच्या कॉलेजातल्या मुलांना दोनच जागा होत्या, त्यातली एक तुझी. मागे सव्वीस जण वेटिंगला आहेत.”

“मला जिऑलॉजी हवंय.”

ललिता मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. गिरगावातल्या या कॉलेजच्या खिडकी क्रमांक तीनवर त्या बावीस वर्षं बसत होत्या. मुलं तिथे रडायची, मुलांचे बाप ओरडायचे, कुणी कुणाला फोन लावून तो काचेच्या भोकातून आत ढकलायचं. पण लागलेली सीट परत करायला कुणी आल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

मनवाचं आधीचं कॉलेज परळकडचं, लहानसं. दुसऱ्या वर्षापर्यंत तिथे झूलॉजी, जिऑलॉजी, केमिस्ट्री सगळं होतं. तिसऱ्या वर्षाला फक्त केमिस्ट्री उरायचं. त्यामुळे दर जूनमध्ये तिथली मुलं दाखला घेऊन, जिथे आपला विषय मिळेल तिथे पांगायची. अर्जाची मुदत संपत होती त्या दोन दिवसांत मनवा कॉलेजच्या सहलीत रायगडातल्या एका खाणीत होती. फोनला धड आवाज येत नव्हता. तिने आईला सांगितलं, “उन्मेषदादाला विषय सांग. लिहून घे.” आईने लिहून घेतला. उन्मेषने अर्ज भरला. काल संध्याकाळी यादी लागली.

“बदलून नाही मिळणार?” मनवाने विचारलं.

“बदलून नाही. रद्द करून मिळेल. आधी हे सोडायचं, मग जिऑलॉजीच्या रिकाम्या जागांवर नवा अर्ज करायचा. आज चारच्या आत.” मॅडम थांबल्या. “आता नीट ऐक. तिकडे आठच मुलं झालीत. दहा झाली नाहीत तर वर्गच भरणार नाही. सोडलेली सीट परत मिळणार नाही. आणि जुन्या कॉलेजातून दाखला काढून आणलायस, तिकडेही आता कुणी ओळख दाखवणार नाही.”

“म्हणजे मी नववी.”

“म्हणजे तू अधांतरी. आणि रद्द करायला पालकांची सही लागते. कोण आलंय बरोबर?”

आई आली होती. जिन्याखालच्या बाकावर बसली होती, हॉस्पिटलची निळ्या काठाची साडी नेसून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. परळच्या हॉस्पिटलात सीमा परब आया होती. शेजारी उन्मेष बसला होता. मंडळाने प्रवेश मिळवून दिलेल्या प्रत्येक मुलाबरोबर तो कॉलेजच्या पाटीखाली फोटो काढायचा, आणि त्यासाठीच तो लालबागहून बाइकवर आला होता.

“झालं गो?” सीमाने विचारलं.

“आई, झूलॉजी पडलंय.”

“मग? तेच ना तुझं?”

“माझं जिऑलॉजी. एक जनावरांचं, एक दगडमातीचं.”

सीमाने घटकाभर विचार केला. “मग जनावरांचंच बरं. आमच्या लॅबमधल्या पोरी बघ. सगळ्या झूलॉजीवाल्या. पांढरा कोट, बसायला खुर्ची. त्यांच्यावर कोण ओरडत नाही, मावशी भांडं आणा म्हणून.”

 ‘मावशी, भांडं आणा’ हे सीमा एकोणीस वर्षं ऐकत आली होती.

“आणि त्या वरळीच्या बेडकाचं वेड घेतलंयस ना?” सीमा पुढे म्हणाली. “बेडूक झूलॉजीतच कापतात. बघ की पोटभर.”

“मला तो दगड झाल्यावर बघायचाय.”

“मेलेला तो मेलेला. त्यात ताजा बरा.”

उन्मेष हसला. “काकी, एक नंबर! मनवा, डोकं लाव जरा. आमदारसाहेबांचं पत्र जोडलेलं आपण अर्जाला, म्हणून झालंय हे. सव्वीस जण टपून बसलेत बाहेर. जिऑलॉजी करून काय करणार तू? खडी फोडणार?”

“फोडेन. कुठली ते तरी कळेल.”

मनवाला हे वेड लागलं ते अंगणातल्या त्या पेटीमुळे. चाळीचा पुनर्विकास होणार म्हणून बिल्डरने जमीन तपासायला माणसं पाठवली होती. अख्खी चाळ गॅलरीत उभी राहून ते भोक बघत होती. प्रत्येकाला त्यात चारशे फुटांचा फ्लॅट दिसत होता, तळमजल्यावरच्यांना पार्किंगसुद्धा. मनवा खाली उतरली आणि पेटीपाशी उकिडवी बसली. वरचे तीन मीटर नुसता भराव : विटांचे तुकडे, गिरणीची राख, फुटक्या कौलांचा चुरा. त्याखाली काळानिळा चिखल, त्यात शिंपल्या. मग मुरूम. मग काळा कातळ, अखंड, पाण्याने ओला असल्यासारखा. तिने चिखलातली एक शिंपली नखाने सोडवली. त्यांच्या मोरीच्या, देव्हाऱ्याच्या, पप्पांच्या खाटेच्या बरोबर खाली समुद्र होता आणि तो कुणी कुणाला सांगितला नव्हता. बोअरिंगवाला म्हणाला, “ताई, हात नका लावू, साहेब ओरडतात.” तिने विचारलं, “कोण साहेब? ज्यांना हे वाचता येतं ते?” तो हो म्हणाला. त्या दिवशी तिचं ठरलं.

आता सीमाने नवऱ्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. हितेंद्र शिवडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात होता. मागे ट्रकचा हॉर्न वाजत होता.

“सीट मिळाली ना?” हितेंद्र म्हणाला. “मग विषय संपला.”

“पप्पा, विषयच तर मिळाला नाही.”

“काय ते आईला विचार. गाडी लागलीय.” फोन बंद.

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. मनवाने खिडकीवरून रद्द करण्याचा फॉर्म आणला आणि आईच्या शेजारी बसून गुडघ्यावर धरला. बाकी सगळे रकाने सोपे होते. शेवटचा राहिला.

रद्द करण्याचे कारण : कौटुंबिक अडचण. (हे उन्मेषने सुचवलं. “सगळे हेच टाकतात, सेफ असतं.”) खोडलं.

रद्द करण्याचे कारण : विषयात रस नाही. (हे खोटं होतं. का ते तिने कुणाला सांगितलं नाही.) खोडलं.

रद्द करण्याचे कारण : माझा विषय दुसऱ्याने भरला.

हे तिने खोडलं नाही. सीमाने वाचलं, उन्मेषने वाचलं. उन्मेषचा चेहरा उतरला.

“हे चालायचं नाही हां,” तो म्हणाला. “मंडळाचं नाव खराब होईल. आम्ही काय चुकीचं भरलंय? चल, मॅडमनाच दाखवू.”

तिघंही खिडकीपाशी गेले. उन्मेषने मोबाइल काचेला लावला. त्यात त्या चतकोर कागदाचा फोटो होता.

“मॅडम, बघा. काकींनी हेच लिहून दिलं, मी तेच भरलं. काकींची पण चूक नाही म्हणा. सातवीच शिकलेल्या. इंग्रजी नाव, त्यांना कुठून कळणार? ज चुकला त्यांचा.”

तो हे प्रेमाने म्हणाला होता. तेच वाईट झालं.

ललिता मॅडमनी डोळे बारीक करून वाचलं. “जॉलॉजी. हं. दोन्हीला असंच म्हणतात पोरं भरभर बोलताना.” त्यांनी सीमाकडे बघितलं. “बाई, हा ज कुठला? जगातला की जनावरातला?”

 सीमाचे ओठ हलले. आधी एक ज, मग दुसरा, आवाज न करता. एका ज ला जीभ वर टाळूला लागत होती, दुसऱ्याला दातांमागे. इतकी वर्षं ती दोन्ही बोलत आली होती आणि हे दोन आहेत हे आज पहिल्यांदा तिच्या ध्यानात येत होतं. कागदावर मात्र एकच. शाळेत गुरुजींनी एकच गिरवून घेतला होता, आणि तो तिने बरोबर गिरवला होता.

“जगातला,” ती म्हणाली.

“काकी, लिहिताना काय फरक असतो? तुम्ही आता...”

“लिहिताना नसतो. वाचणाऱ्याला कळायला नको?”

“तसं नाही, मी म्हणतोय की तुमच्याकडून...”

“माका शिकवू नको!” सीमाचा आवाज व्हरांड्यात घुमला. रांगेतली मुलं वळून बघायला लागली. “पोरीने फोनवर सांगितलं ते मी लिहिलं. जसं ऐकलं तसं. माझा ज बरोबर होता. तू वाचलास जनावर. तुका जनावरच दिसतला!”

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. उन्मेषने मोबाइल खिशात घातला, परत काढला, आणि उगाच त्यात बघत राहिला.

मनवा म्हणाली, “आई, राहू दे.”

“तू गप.” सीमा काचेकडे वळली. “मॅडम, सही खंय करू?”

“बाई, विचार करा. मी तुमच्या मुलीला सांगितलंय. दहा झाली नाहीत तर तिचं वर्ष जाईल.”

“ऐकलं मी.” मग ती मनवाला म्हणाली, “लॅबचं माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. गेलंय असं समजू नको. आणि दहावं पोर नाही आलं तर माझ्यासमोर रडायचं नाही.”

“नाही रडणार.”

“पुढच्या वर्षी परत हेच म्हणशील?”

“हेच म्हणेन.”

“मर मग,” सीमा म्हणाली आणि पेन घेतलं.

तिने सही कधी केली नाही. ती नाव लिहायची. सीमा हितेंद्र परब. अक्षरं आधी सुटी सुटी, आणि सगळी झाल्यावर शिरोरेघ, एका दमात, इकडच्या टोकापासून तिकडपर्यंत. मागची रांग थांबून राहिली. ललिता मॅडमनी घाई केली नाही.

शिक्का बसला. मॅडमनी वेटिंगच्या यादीतलं पहिलं नाव पुकारलं आणि व्हरांड्याच्या टोकाला एक मुलगी किंचाळली, बापाच्या गळ्यात पडली. मनवाने तिच्याकडे बघून घेतलं. मग नवा अर्ज काचेखालून आत सरकवला. विषयाचा रकाना तिने स्वतः भरला होता. मराठीत, इंग्रजीत आणि कंसात परत मराठीत : भूशास्त्र.

“नऊ,” मॅडम म्हणाल्या.

“दहावा कोण?” सीमाने विचारलं.

“तो अजून यायचाय. सोमवारी प्राचार्य ठरवतील. चारपर्यंत खिडकी उघडी आहे.”

उन्मेष निघून गेला. कॉलेजच्या पाटीखाली त्याने फोटो काढला नाही.

त्या दोघी बाकावर बसल्या. साडेतीन वाजले होते. जिन्यावरून मुलं येत-जात होती, फायली छातीशी धरून.  सीमा उठली, निऱ्या ठीक केल्या आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. वर येणाऱ्या पहिल्या मुलाला तिने थांबवलं.

“काय रे बाळा, जिऑलॉजी घेतोस?”

“नाही मावशी, आयटी.”

“बरं.” ती दुसरीकडे वळली. “तू गो? जिऑलॉजी? दगडाचं? चांगलं असतं.”

मनवाला हसू आलं. मग लाज वाटली. मग दोन्ही गेलं आणि तीही उठून जिन्याच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. दोघींच्या मधून मुलं वर चढत राहिली. कुणी मान हलवत होतं, कुणी हसत होतं, एकाने थांबून खरंच विचारलं की यात असतं काय. सीमा म्हणाली, “आमच्या खाटेखाली समुद्र आहे, ते असतं. हिला विचार.” तो मनवाशी बराच वेळ बोलला आणि कॉमर्सच्या खिडकीकडे गेला.

चार वाजता ललिता मॅडमनी काच बंद केली. आत रजिस्टरवर नऊ नावं होती.

दुसऱ्या वर्षाला झूलॉजीत मनवाला शंभरपैकी ब्याण्णव मार्क होते. घरी तिने बावन्न सांगितले होते.