प्लग आधी काढून घ्यावा

"क्लिक झालं होतं. माझ्या कानांनी ऐकलंय मी."

"गिऱ्हाईकही हेच सांगतं, काका," साहेब म्हणाले. "आणि तुम्ही त्याला काय सांगता?"

भिंगकाकांनी भिंग कपाळावर सरकवलं. ते काय सांगत, हे अख्ख्या दुरुस्ती विभागाला पाठ होतं: सगळे असंच म्हणतात. काउंटरवरच्या बाई तर त्यांची नक्कलही करत, भिंग कपाळावर सरकवून, हनुवटी वर करून. आज सकाळी काका घरचंच जळकं कार्ड घेऊन आले, तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या, "आज तुम्ही गिऱ्हाईक. टोकन घ्या आणि बसा."

टेबलावर ते ग्राफिक्स कार्ड पडलं होतं, विटेसारखं जड. त्याला वीज पुरवणारा प्लग वितळून त्यातच घट्ट झाला होता. काकांनी तो उपसला नव्हता. वीतभर मागे केबल कापून, आहे तसं कार्ड फडक्यात गुंडाळून त्यांनी आणलं होतं.

कार्ड लेकीचं. ती घरी बसून एका संग्रहालयासाठी प्राण्यांच्या सांगाड्यांची हलती चित्रं बनवत होती. काम चार महिन्यांचं, हातात उरलेले आठवडे तीन. पण कॉम्प्युटर जोडला होता काकांनी. प्लग बसवला होता काकांनी, अंगठ्याने दाबून आणि मग कुठे फट राहिली नाही ना, हे भिंगातून पाहून.

आणि तरीही परवा दुपारी जळका वास आला, तेव्हा त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "तू हलवलास का तो?"

लेक नुसती बघत राहिली होती. मग म्हणाली, "बाबा, तुझ्या ऑफिसचा फॉर्म आण. माझीच चूक म्हणून सही करून टाकते."

राग कुणाचा आला होता, हे काकांना नीटसं ठरवता येत नव्हतं, म्हणून तो सगळ्यांचाच येत होता.

"हे बघा," त्यांनी कापलेल्या केबलचं टोक साहेबांसमोर धरलं. "सहा तारा करंट आणतात. सहांनी ओझं वाटून घ्यायचं. या दोन कडक झाल्यात, काळ्या पडल्यात. बाकीच्या चार नव्यासारख्या मऊ आहेत. म्हणजे सगळा भार दोघींनीच ओढला. आणि कार्डाला त्याचा पत्ताच नाही. ते फक्त एकूण बेरीज बघतं."

"प्लग अर्धवट बसला तरी हेच होतं."

"होतं."

"मग झालं तर."

"झालं कसं? आधीचा तो आठ पिनांचा प्लग घ्या. इतक्या वर्षांत वितळलेले किती आले? दोन. माणसं तीच, अंगठे तेच. नवा प्लग आला आणि सगळ्यांचे अंगठे एकदम लुळे पडले?"

बाई काउंटरवरून हसल्या. साहेब हसले नाहीत.

"हजारो कार्डं विकलीत आपण. सगळी का नाही जळत?"

"सगळी जळेपर्यंत थांबायचंय का?"

"काका, मुद्द्याचं बोला. प्लग पूर्ण आत होता, असा पुरावा दाखवा. एका तरी केसमध्ये."

पुरावा नव्हता. गेल्या वर्षभरात एकेचाळीस कार्डं काकांच्या हाताखालून गेली होती आणि एकातही नव्हता. त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथे तपासणीची पद्धत काचेत लावली होती. पहिली ओळ: 'प्लग आधी काढून घ्यावा.' मग फोटो. मग कार्ड भिंगाखाली. प्लग किती आत होता, हे सांगणारी जी एकच गोष्ट, ती पहिल्याच पायरीला उपसून कचऱ्यात टाकायची आणि मग खाली लिहायचं, 'अर्धवट बसवलेला.'

"आणि हे कुठल्या गाढवाने लिहिलं?" काका जवळजवळ ओरडले.

बाईंनी मान खाली घातली.

"तुम्हीच, काका," साहेब म्हणाले.

खरं होतं. लोंबणारी केबल भिंगाच्या स्टँडला अडकते, एवढ्याच कारणासाठी त्यांनी ती ओळ घातली होती. तेव्हा त्यांच्या नीटनेटकेपणाचं कौतुकही झालं होतं.

साहेबांनी खुर्ची जवळ ओढली. "ऐका. मुलीचं काम अडलंय, मला कळतं. नवं कार्ड आजच देतो, माझ्या अधिकारात. तुम्ही नेहमीसारखा प्लग काढा, नेहमीचं कारण लिहा. बेचाळिसावं वेगळं निघालं, तर वरचे लोक आधीची सगळी उकरायला लावतील."

"लावू देत."

"सह्या कोणाच्या आहेत त्यांवर?"

काकांनी बाहेर जाऊन लेकीला फोन लावला. "नवं कार्ड मिळतंय. आजच. फक्त प्लग अर्धवट बसवला, असं लिहावं लागेल."

"कुणी बसवला अर्धवट?"

"मी. असं लिहायचं."

"आणि नाही लिहिलं तर?"

"मग कापून दाखवावं लागेल. कार्ड वॉरंटीतून जाईल. दुसरं मिळणार नाही."

पलीकडे पंख्याची घरघर ऐकू येत होती. "माझ्याकडे तीन आठवडे आहेत, बाबा," ती म्हणाली. "सही तुझी आहे. ते मला विचारू नकोस." आणि तिने फोन ठेवला.

काका आत आले. त्यांनी कार्ड शिकंज्यात आवळलं आणि बारीक पात्याची करवत घेतली. साहेब म्हणाले, "काका, विचार करा." काकांनी विचार केला नाही. विचार करून करूनच एकेचाळीस फॉर्म भरले होते. वरच्या सहा पिनांच्या ओळीतून त्यांनी करवत आडवी घातली. प्लग आणि कार्डाचा तो भाग एकत्रच चिरत गेला. जळक्या प्लास्टिकचा वास खोलीभर पसरला. बाईंनी खिडकी उघडली.

चिरलेला भाग त्यांनी भिंगाखाली ठेवला, पाहिला आणि बाजूला झाले. "बघा."

साहेबांनी बराच वेळ पाहिलं. सहाही पिना प्लगमधल्या नळ्यांत तळापर्यंत गेल्या होत्या. पण चार नळ्यांची तोंडं फाकलेली होती. पिन आत होती, तिला कुणी धरलेलं नव्हतं. उरलेल्या दोघी काळ्याठिक्कर.

"याला फॉर्ममध्ये रकाना नाही," साहेब अखेर म्हणाले.

काकांनी फोटो जोडला आणि समासात, कडेने, आडवंतिडवं सगळं लिहिलं. खाली सही केली.

"वर पाठवतो," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "पण तुम्हाला या टेबलावर ठेवणं आता माझ्या हातात नाही. उद्यापासून कीबोर्ड बघा. आणि कापलेल्या कार्डाला वॉरंटी नसते, हे तुम्हाला मी काय सांगणार."

"नका सांगू."

जेवणाच्या सुट्टीत काकांनी जुन्या फॉर्मांचा गठ्ठा घेतला आणि मागच्या जिन्यावर जाऊन बसले. सगळ्यात वरचा नंबर लावला. एका माणसाने उचलला.

"तुमच्या कार्डाचा रिपोर्ट मी दिला होता," काका म्हणाले. "प्लग अर्धवट बसवला, असं लिहिलं होतं. ते मी न बघता लिहिलं. तुमची चूक होती, असं म्हणायला माझ्याकडे काहीही नव्हतं."

"आज सांगताय?"

"हो. उशीर झाला."

"लग्नांचे व्हिडिओ करायचो आम्ही. दोघं भाऊ. प्लग त्याने लावला होता. तुमचा कागद आला आणि मी त्याला चार लोकांत बोललो. म्हटलं, साधा प्लग लावता येत नाही तुला, बाकी काय करणार. तो म्हणत होता, दादा, क्लिक झालं होतं. मी म्हटलं, कंपनी खोटं लिहिते काय? दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. आता माझा फोन उचलत नाही."

"मी तुमची माफी..."

"मला नको ती. त्याला सांगा. नंबर देतो, घ्या लिहून."

काकांनी फॉर्मच्या पाठीवर नंबर लिहिला, वाचून दाखवला आणि लावला. घंटी बराच वेळ वाजत राहिली. ठेवून द्यावा की काय, असं त्यांना वाटत असतानाच पलीकडून आवाज आला, "हॅलो, कोण?"

काका पायरीवरून उठले, नीट उभे राहिले आणि मग बोलायला लागले.