आतल्या दालनातलं हिरवं

गुहेच्या आतल्या दालनाला कुलूप लागलं ते माणसांच्या श्वासामुळे. श्वास उबदार आणि दमट. त्यानं छतावरून लोंबणारे चुनखडीचे पांढरे लोलक काळवंडतात, आणि दिव्याच्या उजेडात भिंतीवर शेवाळ धरतं. थेंबाथेंबानं युगं खाऊन घडलेली जागा, आणि लोक तिच्यावर स्वतःची नावं कोरायचे. एकानं लोलक मोडून पिशवीत घातला होता, शोकेससाठी. असल्यांना पाहुणे म्हणतात ते फक्त लॉजवाले. आणि पायथ्याचं सगळ्यात मोठं लॉज गुहेच्या राखणदाराच्या थोरल्या भावाचं होतं.

दालन बंद झालं आणि दादाचं लॉज ओस पडलं. तो धाकट्याला येता-जाता टोमणे मारायचा. धाकट्याला घरात सगळे घुम्याच म्हणत. बायको गेल्यापासून तर तो कोणाशीच बोलेना. दादाकडे जेवायला बसला तरी ताटात बघून जेवायचा, हात धुऊन निघायचा. वहिनी म्हणायची, भिंतीला वाढलं असतं तर मीठ कमी आहे एवढं तरी तिनं सांगितलं असतं.

बोलायचा तो आतल्या दालनात. बाहेरचं दालन बघून शेवटची टोळी गेली की कुलूप काढून आत शिरायचा, एका खडकावर बसायचा, बॅटरी भिंतीकडे तोंड करून ठेवायचा आणि गेलेल्या बायकोला दिवसभराचं सांगायचा. तिकिटावरून कोण भांडलं, वहिनी काय बोलली. आवाज घुमून परत यायचा, कोणीतरी हुंकार दिल्यासारखा. एकट्या माणसाची कसली आलीय गर्दी, असं त्याला वाटायचं.

एका सकाळी तपासणीच्या बाई आल्या. लॉजवाल्यांतर्फे दादाही सोबत होता, दालन उघडा म्हणून सांगायला. बाईंनी दिवा फिरवला. त्या खडकाजवळच्या भिंतीवर तळहाताएवढा हिरवा डाग. बाकी भिंत स्वच्छ.

दादाला आयतंच मिळालं. "बघा बाई, माणूस आत येत नाही तरी शेवाळ आलंच. मग आमच्या पोटावर पाय कशाला?"

बाई गोंधळल्या. माणसांशिवायच शेवाळ धरत असेल तर बंद ठेवण्यात अर्थ नाही, दालन बंद करणाऱ्या समितीला तसं कळवावं लागेल, म्हणाल्या. दादानं तेवढ्यात बाकीच्या लॉजवाल्यांना कळवायला खिशातून फोनही काढला.

राखणदार डागाकडे बघत होता. गप्प राहणं त्याला कधीच जड गेलं नव्हतं. आताही गप्प राहिला असता तर कोणाला काही कळलं नसतं.

"माणूस येत होता," तो म्हणाला. "मी. रोज बसतो इथं, बॅटरी लावून."

इथे काय करत होतात, असं बाईंनी विचारलं. ते त्यानं सांगितलं नाही. दादाला मात्र कळलं असावं, कारण त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग पुन्हा लॉजवाल्याचा झाला.

"घरात कधी तोंड उघडलं नाहीस," दादा म्हणाला. "उघडलंस ते मला बुडवायला."

बाईंनी किल्ली मागितली. आता तुम्हीसुद्धा नाही, एवढंच म्हणाल्या, तेही हळू. त्यानं किल्ली दिली.

त्या दिवशीची शेवटची टोळी गेली. दादाकडे जायची आता सोय नव्हती. राखणदार आतल्या दालनाच्या जाळीच्या दाराशी येऊन बसला आणि सवयीनं त्यानं तोंड उघडलं. मग जाळीतून श्वास आत जाईल हे ध्यानात आलं. तो सरकून लांब बसला, दाराकडे पाठ करून.