त्या मंगळवारी माझी लाइन कोणी अडवली?

मंगळवार. सकाळचे अकरा वाजून सात मिनिटं. आरोग्य केंद्राची बाहेरची खोली. एक टेबल, दोन बाकं, भिंतीवर लसीकरणाचा तक्ता. अँब्युलन्स अंगणात उभी, टाकी भरलेली, ड्रायव्हर हजर. मदत मागायला या वस्तीत एकच नंबर, तो माझा. आणि नेमका मी अडकलेला.

मी त्या टेबलावरचा काळा फोन बोलतोय. बोट घालून फिरवायच्या चकतीचा. माझ्या वयाचे बहुतेक फोन आता दिवाणखान्यात शोभेला ठेवलेले असतात. मी मात्र अजून नोकरीत आहे, कारण ही वस्ती खोलगट भागात आहे आणि इथे मोबाईल रेंज धरत नाही. नवा फोन मिळावा म्हणून तीन अर्ज गेले. तिन्ही 'विचाराधीन' आहेत.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे तपासनीसाने मला कानाला लावून 'हॅलो, हॅलो' म्हटलं आणि हसून पेटीत ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेला शब्द तो. तेव्हापासून माझी एक समजूत होती: पलीकडे कुणीतरी माणूस असतो. बावीस वर्षं ती खरी ठरली. मी बाळंतपणं ऐकली, साप चावल्याच्या बोंबा ऐकल्या, आणि एका आजोबांना दर गुरुवारी नुसतंच "सगळे बरे आहात ना?" असं विचारताना ऐकलं.

मग त्या मंगळवारच्या बारा दिवस आधी माझ्यात पहिल्यांदा ती ध्वनिमुद्रित आवाजातली बाई बोलली.

"नमस्कार! आरोग्यसेवेविषयीच्या शासकीय पाहणीत आपला नंबर निवडला गेला आहे. सहभागासाठी एक दाबा. नंतर बोलण्यासाठी दोन दाबा. नको असल्यास नऊ दाबा."

सिस्टरने, म्हणजे इथल्या नर्सबाईंनी, नऊ फिरवला. काही उपयोग नाही. माझ्या चकतीतून टक्‌टक् जाते आणि त्या यंत्राला फक्त बटणांचा सूर कळतो. उत्तर आलं नाही म्हणून बाईने तेच पुन्हा सांगितलं. मग पुन्हा. सिस्टरने रिसीव्हर आपटला, तरी लाइन सुटेना. आमच्या जुन्या एक्स्चेंजमध्ये फोन लावणाऱ्याने सोडल्याशिवाय लाइन सुटत नाही. पूर्ण सहा मिनिटं!

"सिस्टर, माहेरचा फोन वाटतं?" ड्रायव्हर दारातून म्हणाला. त्याला सगळे मामा म्हणतात.

"मामा, माहेरचं माणूस निदान माझं ऐकून तरी घेतं!"

यंत्राने आमच्या नंबरपुढे 'अर्धवट' अशी नोंद केली. अर्धवट राहिलेल्या नंबरला पुन्हा फोन लावायचा, असा त्यांचा नियम. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी संध्याकाळी. सिस्टर औषधाच्या खोक्याच्या झाकणावर वेळ लिहीत गेली. त्या मंगळवारचा अकरा सातचा फोन सतरावा होता.

त्याच वेळी वस्तीच्या दुसऱ्या टोकाला सुताराचं मनगट करवतयंत्राखाली आलं. त्याची बायको शेजारच्या घरातून मला फोन लावत होती. मी अँब्युलन्सपासून वीस पावलांवर होतो आणि तिला फक्त एंगेजचा आवाज देत होतो. शेवटी तिने नवऱ्याला दूधवाल्याच्या गाडीत घातलं. अकरा एकतीसला ती दारात आली. साडीचा पदर फाडून त्याच्या हाताला गुंडाळलेला.

"नऊ वेळा लावला! नऊ वेळा! कुणाशी गप्पा चालल्या होत्या तुमच्या?"

 सिस्टरने आधी सुताराचा हात धरला, डॉक्टरांना हाक मारली, रक्त थांबवलं. मामाने गाडी मोठ्या रुग्णालयाकडे काढली. सुतार शुद्धीवर होता. जाताना एवढंच म्हणाला, "डॉक्टर, उजवा आहे हो."

दुसऱ्या दिवशी सिस्टरने माझ्यावरूनच पाहणीच्या कार्यालयाला फोन लावला.

"मॅडम, गैरसमज होतोय तुमचा," तिकडचे साहेब म्हणाले. "आपोआप येणाऱ्या फोनवर बंदी आहे, पण ती विक्रीवाल्यांना. आमचं शासकीय संशोधन आहे. आम्हाला सूट आहे."

"साहेब, हा आपत्कालीन फोन आहे."

"हो, पण निवडलेला नंबर असा वगळता येत नाही. नमुना बिघडतो."

"आणि इथे माणूस बिघडला त्याचं काय?"

"लेखी द्या."

तिने लेखी दिलं. झाकणाची नक्कल जोडली. यंत्र आणखी सात दिवस वाजत राहिलं आणि एकतिसाव्या फोननंतर अचानक गप्प झालं. "लागला बरं का तुमच्या अर्जाचा झटका," मामा म्हणाला. सिस्टरनेही त्या दिवशी दोन कप चहा जास्त केला.

पाहणीशी माझं भांडण नाही, हे स्पष्ट सांगतो. लोकांना काय दुखतं हे सरकारने विचारलंच पाहिजे. पण विचारणाऱ्याला ऐकूही आलं पाहिजे. आपला फोन कुठे वाजतो, तिथे त्या घटकेला काय चाललंय, हे ज्याला कळत नाही त्याच्या हाती लाइन अडवायचा परवाना कुणी दिला? सूट संशोधनाला होती. ती यंत्राच्या आडमुठेपणालाही लागू आहे, असं साहेबांनी परस्पर ठरवून टाकलं.

सिस्टरच्या अर्जाची सुनावणी दोन महिन्यांनी सरकारी समितीपुढे झाली. मी टेबल सोडून जाऊ शकत नाही, म्हणून मामाने परत येऊन सगळ्यांच्या नकला करत सांगितलं ते सांगतो. साहेब म्हणे नियमावली उघडून बसले होते. सिस्टरने खोक्याचं झाकण पुढे ठेवलं. साहेबांनी विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "आमची नियमावली." मग सुताराच्या बायकोने समितीच्या अध्यक्षबाईंना सांगितलं, "बाई, तुमच्यासमोरच्या फोनवरून तुमचाच नंबर लावा. एंगेज लागेल. आता असं समजा की घरात रक्त वाहतंय. मग नऊ वेळा लावा." अध्यक्षबाईंनी खरंच नंबर लावला. दोनदाच. मग रिसीव्हर ठेवला आणि लिहायला घेतलं.

नवा नियम आता माझ्या डोक्यावर भिंतीला चिकटवलाय. पाहणी सरकारी असो वा खासगी, आपोआप लागणारा फोन आपत्कालीन नंबरवर जाणार नाही. समोरच्याने रिसीव्हर ठेवला की पाच सेकंदांत लाइन सोडावी लागेल. नको म्हणायला बटणाची सक्ती नाही, तोंडाने 'नको' म्हटलं तरी पुरे. हा नियम सगळ्या केंद्रांना लागू झाला. मागच्या महिन्यात पाहणीवाल्यांकडून एका जिवंत मुलीचा फोन आला. "ताई, आता वेळ आहे का तुम्हाला?" सिस्टर म्हणाली, "आता नाही, केंद्र बंद झालं की घरी या." मुलगी खरंच आली. वही घेऊन.

सुताराची दोन बोटं अजून नीट वळत नाहीत, पण रंधा धरता येतो. परवा त्याने माझ्या टेबलाचा डुगडुगणारा पाय बसवून दिला. "यांच्यावर राग नाही ना?" सिस्टरने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं. "त्याचा काय दोष," तो म्हणाला. "त्याचंही तोंड दाबलेलंच होतं की."

बाकी मी मजेत आहे. वाजलो की पलीकडे माणूस असतो. तुम्हाला एकच विनंती: कुणाच्याही दारात यंत्र पाठवण्याआधी एकदा स्वतः जाऊन या.

एक गोष्ट मात्र राहिली. सुनावणीत मागितलेली आमच्या नंबरची नोंद गेल्या आठवड्यात टपालाने आली. एकतिसाव्या फोननंतर यंत्र गप्प झालं ते अर्जामुळे नव्हतं. त्या फोनपुढे शेरा आहे: 'मुलाखत पूर्ण.' बावीस प्रश्न, बावीस उत्तरं. प्रश्न चौदावा: आपत्कालीन मदतीचा फोन लगेच लागतो का? उत्तर: होय, नेहमी. माझ्या चकतीतून त्या यंत्राला एकही आकडा ऐकू जात नाही. मग ही उत्तरं कुणी भरली, असं सिस्टरने त्याच दिवशी पत्र लिहून विचारलं. पत्र पोचल्याची पावती आली आहे. उत्तर आलेलं नाही.