उजव्या बाजूचं म्यान

गोविंदाने आरीच्या टोकाने म्यानाची शिवण उसवायला घेतली, तेव्हा त्याची बायको तुळसाबाई चहा घेऊन शेडच्या दारात उभी होती.

"काहून उसवून राहिले? कालच तर झालं होतं."

"पट्टा ओवायची पट्टी दोन सूत खाली गेली म्हणते ती शहरातली ताई. फोटोत वर हाय."

"मंग नाही म्हणा तिले."

"तीन महिन्यांनी नाही म्हणू?"

त्याने दोऱ्याला असा हिसका दिला की कातड्याची कडच फाटली. फाटलेलं म्यान बाजूला टाकून त्याने नवं कातडं ओढलं. चहा गार झाला.

कोराडीच्या वीज केंद्राच्या वर्कशॉपात तेहतीस वर्षं काढलेल्या गोविंदाला आपलं काम परत येण्याची सवय नव्हती. निवृत्त झाल्यावर तो ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचे सुरे बनवायचा, म्यानंही स्वतःच शिवायचा. नीला कुणाच्या तरी ओळखीने सुरा करून घ्यायला शहरातून आली होती. तिचे वडील मुकुंदराव वनखात्यात रेंजर होते. शिकारी धाटणीचा एक सुरा जन्मभर त्यांच्या कमरेला असायचा. चोरट्या शिकाऱ्यांनी जंगलात लावलेली जाळी, दोरांचे फास कापायला. घर बदलताना तो हरवला. तिला हुबेहूब तसाच हवा होता, त्यांच्या जुन्या फोटोतल्यासारखा. पहिलं पातं पाणी द्यायला तापवून तेलात बुडवताच तडकलं. दुसरं तिला रुंद वाटलं. तिवसाच्या लाकडाची मूठ तिने दोनदा घासायला लावली.

रविवारी तो बसने शहरात निघाला. वाटभर एकच वाक्य मनात घोळवत होता : ताई, याच्यापुढं माह्याकून होणार नाही.

दार नीलानेच उघडलं. मुकुंदराव खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. त्यांचा उजवा हात मांडीवरच्या उशीवर होता, बोटं आत वळलेली.

गोविंदा दारातच थबकला.

"दीड वर्ष झालं," नीला हळू आवाजात म्हणाली. "लकवा." मग तिने सुऱ्यासकट म्यान पट्ट्यात ओवलं, वडिलांच्या उजव्या कमरेला नीट बसवलं आणि मागे सरून पाहिलं. "बाबा, अगदी तसाच झालाय ना?"

मुकुंदरावांनी मान हलवली. त्यांचा डावा हात पोटावरून पलीकडे गेला. अंगठा म्यानाचं टिचबटण शोधत राहिला. बटण बाहेरच्या अंगाला होतं. नीला पुढे झाली, तर त्यांनी नजरेनेच तिला थांबवलं. आणखी दोनदा प्रयत्न करून त्यांनी हात मागे घेतला.

"छान आहे," ते जड जिभेने म्हणाले.

"आता काही बदल नको, काका," नीला म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

हे ऐकायला गोविंदा तीन महिने तळमळला होता. तो खुर्चीपाशी गेला, खाली बसला आणि पट्टा सोडू लागला.

"काय झालं? मी म्हटलं ना, बरोबर आहे."

"नाही ताई. म्यान चुकलं." त्याने वर पाहिलं. "साहेब, डावीकडे कुठं पाह्यजे?"

नीलाने फोटो पुढे केला. तो तिच्या हातातच राहिला.

मुकुंदरावांनी डाव्या कमरेवर बोट टेकवलं. गोविंदाने तिथे म्यान धरलं.

"पुढे," ते म्हणाले.

त्याने पुढे सरकवलं.

"इतकं नाही. आणि तिरपं." ते श्वास घ्यायला थांबले. "बटण मोठं हवं. ही मूठही... जरा बारीक कर."

दोनदा घासलेली मूठ. गोविंदाने ओठ घट्ट मिटले, खिसे चाचपले आणि नीलाकडे पेन्सिल मागितली.

ती जागची हलली नाही. वडिलांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आणखी एक बदल," मुकुंदराव म्हणाले.