वाऱ्याच्या बोगद्याचा संताप

मित्रांनो, मी एक जुना, लाकडी, वाऱ्याचा बोगदा आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या गावात, बीटाच्या शेतांलगत सुतारांनी मला घडवले. माझ्या एका टोकाला प्रचंड पंखा होता. मधोमध तारांना विमानाचा किंवा पात्याचा छोटा नमुना टांगत. पंखा फिरला की वारा सुटे आणि त्या वाऱ्याने नमुना किती उचलला जातो, ते तराजू सांगे.

पहिल्या महायुद्धात हरल्यामुळे आमच्या देशाला लढाऊ विमाने बांधायची बंदी होती. मला त्याचे काडीचेही दुःख नव्हते. ओटिली ब्रांडेस ही गणितज्ञ बाई माझे काम पाही. तिने माझ्या वाऱ्यात पवनचक्क्यांची पाती तपासली, पुलांचे नमुने तपासले. पंखा बंद असला की माझ्यातच बसून ती आलूबुखाऱ्याचा केक खाई आणि सगळीकडे चुरा सांडून ठेवी. किती सुखाचे दिवस होते ते!

मग एकदा आमचे प्रमुख, प्राध्यापक केस्टनर, एका पाहुण्याला घेऊन आले. त्याचा कोट साधा होता, पण चाल कवायतीची.

"टपालाचं विमान आहे," नमुना पुढे करत पाहुणा म्हणाला.

ओटिलीने तो उलटा केला. विमानाच्या पोटाला खाली उघडणारी झडप होती.

"अच्छा! म्हणजे पत्रं घरांच्या छपरांवर टाकणार तुम्ही?"

"ब्रांडेसबाई, चेष्टा पुरे," केस्टनर कुजबुजले. "यांच्या पैशांवरच आपला पंखा फिरतोय."

"मग थांबू दे तो."

"तुम्ही नाही केलंत तर दुसरा कोणीतरी करेलच ना!"

"करू दे. मी नाही करणार."

"अहो, आपण फक्त हवा मोजतो!"

"हवा मोजायला झडप कशाला लागते, प्रोफेसर?"

तिने कामाचा अंगरखा खुंटीला अडकवला आणि ती निघून गेली. पुढे दूरच्या गावी मुलींच्या शाळेत गणित शिकवू लागली, असे ऐकले. माझ्याकडे ती पुन्हा आली नाही.

तिच्या जागी दुसरा आला. पंखा फिरला. नमुना इतका छान तरंगला की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत मोठे कौतुक, आणि त्याचीच मला सर्वाधिक लाज वाटते.

पुढे नवे सरकार आले. लपवाछपवी संपली, पाहुणे उघडउघड गणवेशात येऊ लागले. केस्टनरांना पदक मिळाले, शिवाय पोलादी, माझ्याहून मोठा बोगदा मिळाला. मी धूळ खात पडलो.

एके सकाळी केस्टनर माझ्यापाशी आले. माझ्यात तपासलेल्या त्या विमानांनी स्पेनच्या यादवी युद्धात तिथल्या एका गावावर, भर बाजाराच्या दिवशी बॉम्ब टाकले होते. माझ्या फळीला टेकून ते पुटपुटले, "मी फक्त आकडे काढले."

फक्त? त्या बाजारात भाजी निवडणाऱ्या बायकांना जाऊन सांगा, फक्त!

मित्रांनो, माझ्या फळ्या कुजल्या तरी चालतील. मला झाडूपुसू नका. पण उद्या तुम्ही शिकाल, मोठे व्हाल, एखादे यंत्र तुमच्या हाताखाली येईल. ते कोणासाठी चालणार आहे, हे चालवण्याआधी विचारा. मला नकार देता येत नव्हता. तुम्हाला येतो.