धर्माची मूठ

महादेवी अक्कांनी पोत्यात हात घातला आणि मूठभर दाणे उन्हात धरले. पिवळेधमक, चपटे, टणक. जोंधळ्याच्या पुढे राक्षसच.

"हे काय घोड्याचे दात म्हनावं का काय?" माझी सासू चंद्रभागाबाई म्हणाली, तशा जमलेल्या बाया हसल्या. त्या उन्हाळ्यात बायांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मका हाय, आई," गाडीशी उभा असलेला सिदू मास्तर म्हणाला. "अमेरिकेतनं आलाय. जहाजात घालून."

"तिकडं जोंधळा पिकत न्हाई व्हय? गरीब बिचारे."

घाटनांदूर माझं सासर. लग्न होऊन मी नुकतीच नांदायला आले होते आणि आल्या आल्या फसली तेराशे नऊचा, इंग्रजी एकोणीसशे सालचा, दुष्काळ पडला. निजामाचं राज्य होतं, सरकार हैदराबादेत होतं, आणि आमच्यापर्यंत तिथून वसुलीशिवाय काही पोचत नसे. गावाचं जे काही होतं ते गावानंच धरून ठेवलेलं होतं. त्यातलीच एक धर्माची मूठ.

पहाटे दळायला बसलं की जात्यात वैरण, म्हणजे दळायचे दाणे, घालण्याआधी पहिली मूठ जात्याशेजारच्या गाडग्यात टाकायची. दर सोमवारी महादेवी अक्का टोपली घेऊन दारोदार फिरायच्या आणि गाडगी रिकामी करून न्यायच्या. धर्मशाळेत एक मोठा रांजण होता, त्यात सगळ्या गावाच्या मुठी एक व्हायच्या. परळीच्या वाटेनं जाणारं कोणीही धर्मशाळेत एक वेळ जेवून जाई. महारवाड्यातून मूठ घेत नसत आणि तिकडच्या माणसाला वरती बसवून वाढतही नसत. तेव्हा त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे.

अक्का लिंगायत वाण्याच्या घरातल्या. नवरा लवकर गेला. ही चूल आधी त्यांच्या सासूनं सांभाळली, मग त्यांनी. मूल ना बाळ, धर्मशाळेच्या कडेच्या खोलीत राहायच्या. चूल विझू द्यायची नाही, एवढंच त्यांच्या आयुष्यात होतं. आणि त्या चैत्रात रांजणाचा तळ दिसायला लागला होता. वाटसरू मात्र वाढले होते, माणसांचे नुसते सापळे. अक्का मूठभर पिठाची घागरभर आंबील करत होत्या.

अशा वेळी नगरकडून या गाड्या आल्या.

मिशनचा गोरा साहेब धर्मशाळेच्या ओट्यावर टोपी मांडीवर घेऊन बसला. सिदू मास्तर त्याचाच माणूस, मूळचा महार, बाटून शिकलेला. तो ओट्याखाली उन्हात उभा होता. त्याला कोणी वर ये म्हटलं नाही, साहेबानंही नाही.

"बाई, या संस्थेचे पंच कोण आहेत?" साहेबानं पुस्तकी मराठीत विचारलं.

"संस्था कुठली? चूल हाय," अक्का म्हणाल्या.

"गावाच्या वतीनं सही कोण करतो?"

"मूठ टाकताना सही कोन करतं, साहेब?"

साहेब गोंधळला. मग खालून सिदू मास्तरनं समजावलं. "तिकडं दानधर्माचं लई मोठं रान हाय, अक्का. आंधळ्यांसाठी येगळी मंडळी, पोरक्यांसाठी येगळी, खलाशांसाठी बी येगळी. काही मंडळ्या लई मोठ्या. एखादा सावकार मरताना डबोलं ठिवून जातो आन त्याच्या व्याजावर दवाखाने चालतात, शाळा चालतात. पन अशा थोड्या. बाकीच्या हजारो आपल्या तुमच्यावानी. खेड्यातल्या चार बाया देवळात जमतात आन पैसा पैसा टाकतात. ही पोती तसल्यांचीच हायत."

अक्कांनी विचारलं, "सावकार मेला तरी त्याचं दान चालूच? मग त्याच्या घरच्यांनी काय द्यायचं?"

सिदू मास्तर हसला.

"साहेब म्हनतात, मक्याची चूल येगळी मांडा," तो म्हणाला. "हिशेबाला बरं पडंल. आन गावाला बी बरं वाटंल."

"चार बायांनी टाकलेलं हाय न्हवं? मग ही बी मूठच," अक्का म्हणाल्या. "आमच्यात ह्या समद्यांच्या अन्नदानाला दासोह म्हनतात. रांजणात पडलं की कुनाचं ते इचारायचं न्हाई."

आणि त्यांनी पोतं रांजणात रिकामं केलं. खाली गावचा उरलासुरला जोंधळा होता, त्यावर मका पसरला. गाव मूठ टाकण्याचा आपला नेम पाळेल याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

पुढच्या सोमवारी त्या आमच्या दारात आल्या.

"गाडगं रिकामं हाय, अक्का," सासू म्हणाली.

"इसरला का?"

"इसरले न्हाई. पर त्या रांजणात आता कुनाकुनाचं पडतंय. सायबाचं एक येळ चालंल. सिदूनं हात लावलेलं कसं चालंल?"

"कोरड्या धान्याला इटाळ कवापासनं लागाया लागला? बाजारातला जोंधळा कुनी कापला, कुनी मळला, इचारून घेता का चंद्रभागाबाई?"

"मला शानपन नका शिकवू. जे गाव करील ते आमी करनार."

गावानं तेच केलं. पाटील अर्जुनरावांच्या वाड्यापासून कडेच्या झोपडीपर्यंत सगळी गाडगी रिकामी.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघी जात्याला बसलो होतो. माझा हात सवयीनं गाडग्याकडे गेला. सासूनं तो धरून जात्याच्या तोंडाशी आणला. "इटाळबिटाळ निमित्त हाय, वत्सले," ती हळूच म्हणाली. "सायब घालतोय न्हवं लोकांना खायला? मग आपली मूठ आपल्या लेकरांच्या तोंडात का पडू नये?" माझ्या धाकट्या दिरांच्या बरगड्या तेव्हा मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. मी मूठ जात्यात सोडली.

चूल मात्र जोरात पेटली. सुरुवातीला मक्याची भाकरी थापताच फुटायची. मग अक्का मका भरडून त्याच्या कण्या शिजवायला लागल्या. माणसं लांबून यायची. खूप जगली. पटकीची साथ आली तेव्हा बरीच तिथंच ओट्यावर मेलीही. अक्का दर सोमवारी तरीही टोपली घेऊन फिरत होत्या.

"कावून येता, अक्का? तुमचं तर झ्याक चाललंय," बाया म्हणायच्या.

"माझं न्हाई, तुमचंच हाय ते," अक्का म्हणायच्या आणि पुढच्या दाराकडे जायच्या.

पाऊस झाला, पेरण्या झाल्या. आषाढात सिदू मास्तर आला तो एकटाच, पायी.

"आता पोती येनार न्हाईत, अक्का. दुष्काळ सरला असं तिकडं छापून आलंय. चीन देशात मारामाऱ्या चालल्यात म्हनं, देनाऱ्यांचं ध्यान आता तिकडं गेलंय."

"सरला? अरे, जोंधळा पदरात पडायला हिवाळा उजाडंल!"

"साहेबांनी तसं लिहून कळवलं. मी बी सांगितलं." त्यानं उपरण्याची गाठ सोडली. ओंजळभर जोंधळा होता. "हे मंडळीचं न्हाई. माझ्या घरचं हाय."

अक्कांनी तो घेतला आणि रांजणात टाकला. मग म्हणाल्या, "खाली कावून उभा? वर ये. बस."

तो ओट्याच्या कडेला, अर्धा बाहेरच, बसला.

त्यानंतरच्या सोमवारी अक्कांनी गावातलं एक दार सोडलं नाही. काही घरांत खरंच काही नव्हतं. काही घरांत होतं, तेही आम्हां शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक होतं. पण जात्याशेजारच्या गाडग्यांत आता कुणी मीठ भरलं होतं, कुणी चुलीतली राख. सवय एकदा मोडली की ती कुणी मोडली हेसुद्धा कुणाला आठवत नाही.

मी एकदा पदराआड मूठ लपवून धर्मशाळेत गेले. अक्का विझलेल्या चुलीसमोर बसल्या होत्या. गळ्यातली इष्टलिंगाची डबी हाडावर आपटावी इतक्या वाळल्या होत्या.

"सासूला इचारून आनलंस?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग परत ने, बाई. न इचारता आनली तर ती धर्माची न्हाई व्हत, चोरीची व्हती. आन मार तू खाशील."

"पन अक्का, तुमी काय खाता?"

"मी काय वाटसरू हाय व्हय?" त्या म्हणाल्या आणि मला दारापर्यंत सोडायला आल्या.

वाटसरू अजून येतच होते. चुलीची कीर्ती लांब गेली होती, चूल विझल्याची बातमी गेली नव्हती. अक्का त्यांना पाणी द्यायच्या, स्पष्ट सांगायच्या की काही नाही. माणूस उठला की त्याही उठायच्या. दारात आलेला उपाशी जातोय, निदान एकटा तरी जाऊ नये, म्हणून त्याच्याबरोबर शिवेपर्यंत चालत जायच्या. शिवेच्या दगडाशी हात जोडायच्या आणि परत फिरायच्या. दिवसातून किती वेळा जात येत, ते त्यांनाच ठाऊक. गावातले लोक आधी हसले, मग बघायचे थांबले.

भादव्यात एक दिवस सासू आणि मी शिवेजवळच्या रानात निंदत होतो. परगावची एक बाई वाटेनं येताना दिसली, पाय ओढत. मागून अक्का. बाईचं लेकरू अक्कांनी आपल्या कडेवर घेतलं होतं. त्याची मान त्यांच्या खांद्यावर सैल पडली होती. जिवंत होतं की नाही ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

दगडाशी दोघी थांबल्या. बाईनं लेकरासाठी हात पुढे केले. अक्कांनी मान हलवली, लेकरू या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि दगड ओलांडून तिच्याबरोबर पुढे चालायला लागल्या.

सासू खुरपं हातात धरून उभी राहिली. दोघी बाभळींच्या पलीकडे दिसेनाशा होईपर्यंत ती तिकडे बघत होती.

"अजून ही पात सारी निंदायची पडलीया," ती म्हणाली, आणि खाली वाकली.