मागच्यांना ऐकू येतंय का

खुर्ची बोलते. पलंग बोलत नाही.

बॉबिनवर निळा दोरा. सुईत काहीच नाही.

खालच्या हॉलचं रंगकाम संपलं, नवे माइक आले.

दारात एक बॅग, अजून रिकामी.

"मागच्यांना ऐकू येतंय का?" असं एक बाई विचारते. खोलीत ती बाई नाही.

"येतंय, येतंय," म्हातारा शिंपी खिडकीजवळच्या खुर्चीतून म्हणाला, आणि दारातल्या लेकीनं जावयाकडे बघितलं. तिला हेच दाखवायचं होतं.

आठवडाभर हे चाललं होतं. खुर्चीत बसलं की बाईचा आवाज स्वच्छ, कानाशी तोंड आणून बोलल्यासारखा. आडवं झालं की बाई गप्प. उलट समोर उभं राहून कुणी बोललं तर अक्षर कळेना. बापाचं डोकं फिरलं असेल तर त्यानं एकट्यानं राहायचं नाही, लेकीकडे यायचं, असं ठरत आलं होतं. तिचं घर चांगलं होतं. तिथे शिलाई मशीनला जागा नव्हती.

लेक जवळ येऊन म्हणाली, "बाबा, मशीनचं नंतर बघू."

त्याला नुसते हलणारे ओठ दिसले. "टाक की. साखर कमी," तो म्हणाला.

तिचे डोळे भरले. चहात रडण्यासारखं काय, हे त्याच्या ध्यानात येईना.

तेवढ्यात ती बाई म्हणाली, शेवटची रांग पुढे घ्या.

"आता शेवटची रांग पुढे घेताहेत," त्यानं जावयाला सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवं होतं.

पायाखालची फरशी थरथरली. खाली खुर्च्या सरकत होत्या.

जावई फरशीकडे बघत राहिला, मग बायकोकडे. मग चपला न घालताच जिना उतरला आणि हॉलच्या वायरमनला घेऊन आला.

वायरमननं म्हाताऱ्याच्या कानामागचं ऐकू यायचं यंत्र न्याहाळलं आणि त्यावरचं इवलंसं बटण नखानं वर ढकललं. खोली धाडकन कानात शिरली. पंखा, लेकीचं नाक ओढणं, जावयाला लागलेली धाप.

"काका, बटण खाली होतं. तेव्हा यंत्राचा माइक बंद. ते फक्त तार ऐकतं."

"कुठली तार?"

"कमी ऐकू येणाऱ्यांसाठी हॉलभर फिरवलीय, भिंतीच्या कडेनं. माइकवरचा आवाज वीज होऊन त्या तारेत जातो. वीज कमीजास्त झाली की तारेभोवतीचं चुंबकत्व कमीजास्त होतं. तुमच्या यंत्रात तांब्याच्या तारेचं वेटोळं आहे. चुंबकत्व असं हललं की वेटोळ्यात वीज उठते. तिचा पुन्हा आवाज."

"मध्ये स्लॅब आहे."

"त्याला स्लॅबचं काही नाही. फक्त तुम्ही आडवे झालात की वेटोळंही आडवं होतं, मग त्यात वीज उठत नाही."

"वेटोळं म्हणजे बॉबिन."

"बॉबिनच. केसाहून बारीक तारेची."

"माझी बॉबिन फिरते तरी. ही बसल्या जागी वीज काढते?"

"ती बसलेलीच, पण चुंबकत्व हलतंय ना. मोठं चुंबक आणून शेजारी नुसतं ठेवलंत, तर वेटोळं ढिम्म."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. त्याला कळलं नव्हतं. जावयानंही डोलावली. त्यालाही नाही.

"मला पटू दे," लेक म्हणाली. "खालचे स्पीकर बंद करा. मी तिथून बोलते."

बटण पुन्हा खाली. खोली विझली. पंखा मुका फिरू लागला. बराच वेळ कानात नुसती बारीक घरघर. मग, बाईच्या जागी, लेक. लहानपणी एका चादरीत कुजबुजायची तितकी जवळ.

"बाबा, मला तुम्हाला हलवायची हौस नाही. मला भीती वाटते. ऐकू आलं असेल तर ती बॅग पलंगाखाली टाका."

म्हातारा उठला. बॅग उचलून आणली आणि पायानं पलंगाखाली सरकवली. जावई हातवारे करत आडवा आला. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

लेक धापा टाकत वर आली. दारात बॅग नव्हती. ती त्याच खुर्चीत बसली, खुर्चीच्या हातांवरून हात फिरवत, जणू आवाज तिथेच कुठेतरी असावा.

"पण तार तारेला शिवते कुठे?" म्हातारा विचारत होता. "मध्ये तर काहीच नाही."

मागच्या भेटीत लेकीनं ते यंत्र रुमालानं पुसलं होतं, आणि बटण तेव्हा खाली गेलं होतं.